पाठमोरी

हिंगोलीत दहा दिवसांचं शिबिर. जेवण तिथंच,
एसटीचं भाडं शेवटच्या दिवशी, तिकीट दाखवलं तर.
हजेरीच्या कागदावर माझ्या नावापुढं छापलेलं :
धुरपता आडे, वर्ग-सहायक, अप्रशिक्षित.
अकरा वर्षं झाली मला शाळेत.
एवढी वर्षं हा शेवटचा शब्द माहीत नव्हता,
बरं होतं.

पहिल्याच दिवशी लोमटे मॅडमनी फळ्यावर प्रश्न लिहिला :
मूल रडत असेल तर सहायक काय करील?
खाली चार पर्याय.
मी चारी वाचले. दोनदा वाचले.
नाक कुठंच पुसलेलं नव्हतं.

आमच्या तांड्यावरचं लेकरू पहिलीत येतं
तेव्हा त्याच्याकडं ‘आई’ नसते,
याडी असते.
पुस्तकातली आई पहिल्या पानावर
कुंडीतल्या झाडाला पाणी घालत उभी.
लेकरं मागं वळून माझ्याकडं बघतात : ही कोण?
मी हळूच सांगते, याडी.
सर फळ्याकडं तोंड करून लिहीत असतात तोवर
एकेक मान परत पुढं फिरते.

एवढंच मपलं काम.
मागची भिंत, दाराजवळची तरटाची पट्टी,
म्हणून मला वर्ग पाठमोरा माहीत आहे.
विलासच्या डोक्यावरचे दोन भोवरे,
एकमेकांना न विचारता उलटसुलट फिरणारे.
प्रणालीची वेणी दसऱ्यापर्यंत घट्ट;
याडी कोयता घेऊन कारखान्याला गेली
की भाऊ घालतो, दुपारपर्यंत सुटते.
ज्याला उत्तर येतं त्याचे खांदे
हाताच्या आधी वर जातात.
ज्याला येत नाही, हात तोही वर करतो,
पण त्याची टाच जमीन सोडत नाही.
हे कोणत्या घटकात येतं
ते मी मॅडमना विचारलं नाही.

शेजारी बासंब्याची जरीना.
बोधात्मक, भावात्मक, क्रियात्मक
असं बोटांवर घोकायची, पाहुण्यांच्या भाकरी मोजाव्या तसं.
क्रियात्मकपाशी आली
की नेमका चहा यायचा.

नवव्या दिवशी प्रात्यक्षिक.
जवळच्या शाळेतली बावीस लेकरं आणून बसवली,
तेल लावून, भांग पाडून.
पुढं या, आडेबाई. सात मिनिटं.
मी खडू घेतला, वळले,
आणि तोंडं.
एवढी तोंडं एकदम, सगळी माझ्याकडं.
आमचे सर रोज हे कसं सोसतात?
पाठ केलेला धडा
माठाला तडा जावा तसा कुठून तरी झिरपून गेला.

तेवढ्यात शेवटच्या रांगेतली एक पोरगी,
दोन नंबर मोठा गणवेश, पिनेनं आवळलेला,
अडल्यासारखी मागं वळली.
मागं कुणी नव्हतं.
खुर्च्यांची चळत, बंद पडलेला कूलर.
ती तिथंच बघत राहिली.

मी खडू ठेवला.
रांगेतून वाट काढत गेले, भिंतीला टेकून बसले.
सातातली उरलेली मिनिटं तिच्याशी काय बोलले
ते परीक्षेत नव्हतं.
मॅडमचा पेन चाललेला ऐकू येत होता :
फळ्याचा वापर, शून्य.

तरी पास. ब श्रेणी.
जरीनाला अ, तिनं मला पेढा दिला अर्धा,
अर्धा घरी नेला.

सरांनी प्रमाणपत्र काचेत घालून
फळ्याच्या वर टांगलं, घड्याळाशेजारी.
माझ्या जागेवरून नुसती सोनेरी चौकट दिसते,
दुपारी तर तीही नाही, उन्हाचा एक तुकडा.
म्हणलं, विलास, वाच रे काय लिहिलंय.
तो उभा राहिला, टाचा उचलून.
पहिल्याच जोडाक्षराला अडला
आणि मागं वळला.